चार बोटं

"जाकीट काढ," याकूब म्हणाला.

"काढूचंय नाय. गाडयेर बसतंय तेव्हा जाकीट घालूनच बसतंय मां? मगे वजन पण जाकिटासकट होया."

भिकाजी काट्यावर ताठ उभा राहिला, फोटो काढायला उभा राहावा तसा. याकूबला पुढे बोलता येईना, कारण हा नियम त्याचा स्वतःचाच होता. माणूस गाडीवर जसा बसतो तसाच तोलायचा: पायात बूट, कमरेला अवजारांचा पट्टा, अंगात जाकीट. त्याने काट्याच्या दांडीवरचं वजन सरकवत नेलं. ब्याऐंशीवर थांबवलं. दांडी हलेना. ऐंशी, अठ्ठ्याहत्तर, शहात्तर. चौऱ्याहत्तरवर ती हलली आणि मधोमध तरंगत राहिली.

"गेल्या वर्षी ब्याऐंशी होतंस," याकूब म्हणाला.

"साखर निघाली. डाक्टरान भात बंद केल्यान. भात सोडलो की मालवणी माणसाचा रवता काय?"

हे याकूबला पटलं. त्याच्या बायकोला, सलमाला, साखर निघाली तेव्हा तीही दोन महिन्यांत अशीच उतरली होती. शिवाय पन्नाशी उलटल्यावर माणसाचं पोट थोडं आत गेलं तर त्याचं कौतुकच करायचं असतं. त्याने कौतुक केलं, आणि भिकाजीनेही ते खुशाल करून घेतलं.

काटा शेजारच्या मंगेशच्या काजूच्या वखारीतला होता. काजूचा हंगाम शिमग्याच्या सुमारास सुरू होतो. तोवर तो लोखंडी काटा गोणपाट पांघरून कोपऱ्यात पडलेला असे आणि याकूब त्यावर माणसं तोलत असे. गाडी दुरुस्तीला आणलेला नवखा माणूस काट्यावर चढायला सांगितलं की बिचकायचा. मंगेश त्याला समजावायचा, की घाबरू नका, याकूबभाई तुम्हाला विकत घेत नाहीत, फक्त स्प्रिंग निवडतात.

फोर्क म्हणजे मोटारसायकलचे पुढचे दोन पाय. दोन्ही नळ्यांत हातभर लांबीची एकेक स्प्रिंग असते. गावातल्या डांबरी रस्त्यावर कुठलीही चालते. पण जे लोक उंच गाड्या घेऊन सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावर, जांभ्याच्या कातळावर, ओढ्याच्या गोट्यांतून जातात त्यांचं तसं नसतं. माणूस जड आणि स्प्रिंग मऊ असली तर उतारावर गाडी नाक घासते. माणूस हलका आणि स्प्रिंग कडक असली तर प्रत्येक दगड थेट मनगटात येतो. म्हणून आधी माणूस बघायचा आणि मग स्प्रिंग. कंपनीचे आकडे याकूबला कळत नसत आणि त्याची त्याला लाजही नव्हती. त्याने भिंतीला एक नळी उभी ठोकली होती. तिच्यात स्प्रिंग सोडायची, वर एकेक किलोची वजनं रचायची आणि ती इंचभर दबायला किती किलो लागले ते बघायचं. दहा लागले तर ती दहाची, अकरा लागले तर अकराची. प्रत्येक जोडीला पत्र्याचा बिल्ला अडकवून तो ती आंब्याच्या पेटीत ठेवी.

स्प्रिंग घातल्यावर खरी परीक्षा. सायकलच्या ट्यूबची कापलेली एक रबरी रिंग फोर्कच्या चकचकीत नळीवर चढवून खाली टेकवायची. माणसाने पायटांवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहून हॅन्डलवर भार टाकायचा, उतार उतरताना टाकतो तसा. मग हळूच उतरायचं. फोर्क दबताना रिंग वर ढकलली जाते आणि माणूस उतरला तरी तिथेच राहते. खाली जी मोकळी जागा उरते ती चार बोटांची भरली पाहिजे. याकूबची चार बोटं. पाचवं घुसलं तर स्प्रिंग मऊ, तिसऱ्यावर अडलं तर कडक.

त्या कार्तिकात त्याने भिकाजीच्या गाडीतली अकराची जोडी काढून दहाची घातली. रिंग चार बोटं वर गेली. याकूब समाधानाने हात पुसत उठला.

दोघांची ओळख तीस वर्षांची. याकूब मूळचा खारेपाटणचा. विसाव्या वर्षी मालवणला ट्रॉलरच्या इंजिनांवर कामाला आला, आणि समुद्र काही मानवेना म्हणून धामापूरच्या वाटेवरच्या तिठ्यावर त्याने गॅरेज टाकलं. गॅरेजला वीज जोडायला वीज मंडळाचा नवा वायरमन आला तो भिकाजी. खांबावरून उतरून तो चहाला थांबला, आणि तसं पाहिलं तर अजून उठला नव्हता. भिकाजीचं घराणं तळाशीलकडचं, रापणीवाल्यांचं. बाप, चुलते, भाऊ सगळे जाळ्यावर. हा एकटाच पाणी सोडून खांबावर चढला. त्यावरून बाप त्याला शेवटपर्यंत कावळा म्हणत राहिला.

भिकाजीकडे सड्यापलीकडच्या चार वाड्या होत्या. वारा सुटला की तिकडची तार तुटणार हे ठरलेलं, आणि मंडळाची जीप सड्याच्या पायथ्याशी जाऊन दम टाकणार हेही ठरलेलं. पुढचे तीन कोस तो चालत जायचा, खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन. चार वर्षांपूर्वी त्याने कोल्हापूरच्या एका हडकुळ्या तरुणाची उंच ट्रेल गाडी घेतली तेव्हा गावात चेष्टेला ऊत आला. नातू खेळवायच्या वयात घोडा घेतला म्हणाले. भिकाजी तिच्यावर बसून आला तो थेट याकूबकडे, कारण पहिल्याच उतारावर गाडीने नाक घासलं होतं. याकूबने फोर्क उघडून स्प्रिंगा बाहेर काढल्या. साडेआठच्या. भिकाजीने एक हातात घेऊन दाबून पाहिली आणि हसत सुटला.

"ही रे कसली स्प्रिंग? ही पेनातली. बटणाच्या पेनात घालतत ती."

तेव्हापासून त्या जोडीचं नाव पेनातली. याकूबने ती बिल्ला लावून पेटीच्या तळाशी टाकली. तो काहीच फेकत नसे.

मार्गशीर्षात भिकाजी सड्यावर पडला. जांभ्याची एक गुडघाभर उंचीची पायरी, जी त्याने शेकडो वेळा उतरली असेल, तिथे हॅन्डल हातातून निसटलं. कोपर सोललं, दोन दिवस बरगडी दुखली. लागलं फारसं नव्हतं. पण याकूबला ते स्वतःच्या अंगाला लागल्यासारखं वाटलं. माणूस पडला म्हणजे एकतर वाट चुकली, नाहीतर माणूस, नाहीतर स्प्रिंग. वाट तीच होती आणि तिथे माणूस चुकणारा नव्हता. त्याने फोर्कचं तेल बदललं, नळ्या वाकल्या आहेत का पाहिल्या, स्प्रिंगा पुन्हा भिंतीवरच्या नळीत घालून तोलल्या. दहाच्या त्या दहाच्याच. गाडी स्वतः सड्यावर नेऊन आला. याकूबचं वजन त्र्याहत्तर. गाडी त्याच्याखाली नीट चालली.

आठ दिवसांनी भिकाजी परत दारात. "पुढून अजून मारता रे," तो म्हणाला. मनगटं चोळत होता.

पौषातली दुपार होती, पण ऊन चांगलंच तापलेलं. भिकाजी बसता बसता घामाने निथळला आणि जाकीट काढून त्याने खिळ्याला अडकवलं. मग तोंड धुवायला मागच्या विहिरीवर गेला. एरवी गॅरेजात तो जाकीट काढत नसे. याकूब ग्रीसचा डबा घ्यायला वळला आणि त्याच्या डोळ्यांदेखत खिळा वाकून जाकीट जमिनीवर पडलं. जाकीट पडल्यावर धप्प असा आवाज येत नाही. हा आला.

त्याने ते उचलायला हात घातला, तर एका हाताने सहज उचलेना. अस्तराला आतून शिवण होती. सुईदोऱ्याची नव्हे, जाळं विणायच्या धाग्याची, आणि टाके घातलेले नव्हते तर गाठी मारलेल्या होत्या, जाळ्याला मारतात तशा. आत बोटाएवढे तुकडे एकाला एक लागून होते. एका ठिकाणी शिवण जराशी उसवली होती तिथून याकूबने एक बाहेर काढला. शिसं. जाळं बुडावं म्हणून त्याच्या खालच्या दोरीला लावतात ते. बापाच्या वाटणीची रापणीची शिसं भिकाजीच्या माळ्यावर धूळ खात पडलेली होती हे याकूबला माहीत होतं. एकदा त्यानेच बॅटरीच्या कामासाठी मागितली होती आणि भिकाजीने दिली नव्हती. म्हणाला होता, बापाची आठवण आहे.

आठ किलो तरी असावीत. म्हणजे कार्तिकात काट्यावर चढलेला माणूस चौऱ्याहत्तरचा नव्हता, सहासष्टचा होता. याकूबने तुकडा परत आत सारला, खिळा सरळ केला, जाकीट दोन खिळ्यांवर मिळून अडकवलं. इतक्या वर्षांत माणसं वजन कमी सांगताना त्याने पाहिली होती, श्वास आत ओढून काट्यावर चढताना पाहिली होती. वजन वाढवून आणणारा पहिलाच.

दुखणं हत्तीच्या पायांनी येतं म्हणतात. हे मुंगीच्या पायांनी आलं होतं आणि घरभर झालं तरी कुणाला पत्ता नव्हता. याकूबने आता नीट पाहिलं, तेव्हा विहिरीवरून येणाऱ्या भिकाजीचा सदरा खांद्यावरून लोंबत होता आणि मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकत होतं. हे इतके दिवस आपल्याला दिसलं कसं नाही? दिसलं होतं. आपण काट्यावर विश्वास ठेवला.

"बस बघू," त्याने सांगितलं आणि रिंग टेकवली.

भिकाजी सवयीने पायटांवर उभा राहिला, हॅन्डलवर वाकला, उतरला.

"किती?"

"तीन."

"तेल जड पडला असतला."

याकूब रिंगकडे बघत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "आता जाकीट घालून बस. मगे चार होतली."

भिकाजीने खिळ्यांकडे एकदा पाहिलं आणि उलट्या ठेवलेल्या डब्यावर जाऊन बसला. समोरच्या रस्त्यावरून एक वाळूचा ट्रक गेला, त्याची धूळ हळूहळू खाली बसली.

मग त्याने सांगितलं. पोटात होतं. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात दाखवलं होतं, दोनदा. कापायच्या पलीकडे गेलं होतं. डॉक्टरने त्याला एकट्याला बसवून सहा महिने म्हणून सांगितलं होतं, आणि त्यातले तीन झाले होते. राधाबाईला, त्याच्या बायकोला, दुखणं माहीत होतं, पण किती दिवसांचं ते त्याने सांगितलं नव्हतं.

"मगे माझ्याशी ह्यो खेळ कित्याक?" याकूबने विचारलं. त्याला राग आला होता, आणि राग कुणावर काढायचा हे कळत नव्हतं म्हणून तो जास्तच आला होता.

"लोक तोंडाकडे बघून बोलतत. सुकलंस रे भिकाजी, म्हणतत. तेंका मी साखर म्हणान सांगतंय. तू तोंड बघणस नाय, तू आकडो बघतंस." भिकाजी बुटाचा बंद सोडून पुन्हा बांधू लागला. "तू माझी स्प्रिंग उतरवलंस काय ता खरा झाला. डाक्टरान सांगल्यान तेव्हा माका तितक्या खरा वाटूक नाय."

याकूबने त्याला जे सांगायचं ते सगळं सांगून पाहिलं. रजा काढ, सड्यावर जाऊ नकोस, त्या वाडीवाल्यांना चार दिवस अंधारात बसू दे, मुंबईला दाखवू, मिरजेला दाखवू. भिकाजी प्रत्येक गोष्टीला हो म्हणाला आणि त्यातली एकही करणार नव्हता. घरी बसलं की तीन महिन्यांचे दीडच होतील, एवढंच त्याचं म्हणणं. सुंभ जळला तरी पीळ तसाच. शेवटी उठताना जाकीट दोन्ही हातांनी खिळ्यांवरून काढत तो म्हणाला, "एकच ऐक. स्प्रिंग दहाचीच ठेव. मी जितो आसय तवसर ती पेनातली माझ्या गाडीत घालू नको."

गाडी संध्याकाळपर्यंत ठेवून जा, तेल पुन्हा बदलतो, असं याकूबने सांगितलं. भिकाजी एसटीने घरी गेला.

याकूबने शटर अर्धं ओढलं आणि आंब्याची पेटी समोर घेऊन बसला. जगात त्याला एकच गोष्ट येत होती, माणूस बघून स्प्रिंग निवडणं, आणि नेमकी तीच त्या माणसाने करू नको म्हणून सांगितली होती. दहाची ठेवली तर भिकाजीचं मन राहणार होतं आणि पुढच्या खेपेला त्या पायरीवर तो कोपरावर नाही, डोक्यावर पडणार होता. हातातली ताकद जात होती. निम्मा कडकपणा फोर्कमध्ये नव्हताच, त्या मनगटांत होता, आणि त्यावर याकूबकडे काही इलाज नव्हता. मऊ घातली तर गाडी त्याला सांभाळून नेणार होती, आणि कळलं तर तो मोडणार होता.

सहासष्ट किलोला नवाची लागते. पेटीत नवाची जोडी होती. याकूबने ती काढून मांडीवर घेतली आणि बराच वेळ तशीच धरून बसला. नवाची आज बसेल. पण महिन्याभराने? शिमग्याला? तेव्हा गाडी पुन्हा उघडावी लागेल, पुन्हा त्याला डब्यावर बसवून काहीतरी खोटं सांगावं लागेल. त्याने नवाची परत ठेवली आणि पेटीच्या तळाशी हात घातला.

साडेआठची निघाली. बिल्ल्यावर गंज चढला होता.

आजवर त्याने समोर असलेल्या माणसासाठी स्प्रिंग निवडली होती. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने शिमग्यातल्या भिकाजीसाठी निवडली. बासष्ट किलोचा भिकाजी. हिशोब बरोबर होता आणि याकूबला स्वतःची किळस आली. डॉक्टरने महिने सांगितले, आपण किलो सांगितले, फरक काय? तो उठून हात धुऊन आला, असरची नमाज पढला, आणि दुआला हात वर केले तेव्हा नेमकं काय मागावं हे त्याला सुचेना. सगळंच मागण्यासारखं होतं. सलमाने जेवताना विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की भिकाजीला बरं नाही. पुढचं तिने त्याच्या तोंडावरून ओळखलं आणि ताट पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी भिकाजी गाडी घेऊन सड्यावर गेला आणि दुपारी हॉर्न वाजवत परत आला. चेहरा उजळला होता. इतका आनंदात त्याला याकूबने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"लोण्यासारखी चलता रे. काय केलंस?"

"तेल बदललंय."

"नुसता तेल?"

"नुसता तेल."

"स्प्रिंग दहाचीच मां?"

"दहाचीच."

भिकाजीने त्याच्याकडे पाहिलं, मग फोर्ककडे पाहिलं, आणि टाकीवर दोनदा थाप मारून निघून गेला. त्याला कळलं की नाही हे याकूबला तेव्हाही सांगता आलं नसतं.

शिमग्यापर्यंत तो हिंडला. सड्यापलीकडच्या वाड्यांतले खांब, ताणाच्या तारा, डिओ म्हणजे खांबावरचा फ्यूज कुठे उडतो, कुठल्या माडाची झावळी तारेवर येते, हे सगळं त्याने नव्या वायरमनला गाडीमागे बसवून दाखवलं. तिठ्यावरून जाताना हॉर्न द्यायचा. शिमग्यानंतर हॉर्न यायचा थांबला. मंगेशच्या वखारीत काजूच्या गोणी येऊन पडल्या आणि काट्यावर दिवसभर काजू तोलले जाऊ लागले. याकूब दर शुक्रवारी भिकाजीकडे जाऊन बसे. भिकाजी खाटेवरून विचारी कुणाची गाडी आली, कितीची घातलीस, आणि याकूब सांगे. आकडा पटला तर भिकाजी मान डोलावी. मान डोलावणंही हळूहळू कमी झालं.

वैशाखात एका सकाळी राधाबाईचा फोन आला. "याकूबभाई, वायच येवन जावा. ते तुमका बोलवतत. रिंग घेवन येवक सांगल्यानी."

याकूब गेला तेव्हा खळ्यातल्या मांडवाखाली ती गाडी पुसून उभी केलेली होती आणि तिच्याशेजारी खुर्चीत भिकाजी बसला होता. अंगात जाकीट. सकाळी दहालाच उकाड्याने झावळ्या तडकत होत्या.

"फाटफटी उठल्यापासून ह्या घालून बसले हत," राधाबाई म्हणाली. "काढूक देनत नाय."

भिकाजीचं तोंड एवढंसं झालं होतं. त्यात डोळे मात्र जागच्या जागी होते. एकदा बसायचं आहे म्हणाला. चालवायची नाही, नुसतं बसायचं, आणि बोटं मोजायची.

याकूबने रिंग चढवून खाली टेकवली. मग त्याने एका बाजूने आणि राधाबाईने दुसऱ्या बाजूने भिकाजीला उचललं. याकूबचा हात जाकिटावरून त्याच्या पाठीला लागला. आत कडक तुकडे हाताला लागत होते, आणि त्यातलं शिसं कुठलं आणि बरगडी कुठली हे हाताला कळेना.

त्याला सीटवर बसवलं. पायटांवर उभं राहणं आता शक्य नव्हतं, पाय नुसते लोंबत राहिले. पण हॅन्डल त्याने धरलं. उजवी मूठ एकदा फिरवली, क्लच दाबायचा प्रयत्न केला, तो दबला नाही. समोर आगराचा बांध होता आणि बांधापलीकडे सड्याचा काळा कडा दिसत होता. भिकाजीने हॅन्डलवर जेवढं वाकता येईल तेवढं वाकून भार टाकला. कपाळाची शीर तटतटून वर आली.

"टेकवलंस मां रिंग?"

"टेकवलंय."

"बरा."

मिनिटभर तो तसाच राहिला. मग त्यानेच मान हलवली आणि दोघांनी त्याला उतरवून खुर्चीत ठेवलं. धाप कमी होईपर्यंत तो डोळे मिटून होता.

याकूब चाकापाशी उकिडवा बसला, खुर्चीकडे पाठ करून. पेनातली म्हणून हसलेली जोडी आत होती, पेटीतली सगळ्यात मऊ. वर आठ किलो शिसं होतं. तरी रिंग दीड बोट सरकली होती. दीडसुद्धा नसेल. याहून मऊ स्प्रिंग त्याच्याकडे नव्हती, आणि कुठे बनतही नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोर ती नळी धूसर झाली.

"किती?" मागून आवाज आला.

याकूबने खिशातलं फडकं काढलं. नळी पुसल्यासारखं करत त्याने रिंग वर सरकवली. मग बाजूला झाला, भिकाजीला दिसेल असा, आणि रिंगखालच्या जागेत आपली चारही बोटं आडवी लावून दाखवली.

"चार."

भिकाजी बघत राहिला. त्या बोटांकडे, मग याकूबच्या तोंडाकडे. याकूबने नजर काढली नाही. इतक्या वर्षांत त्याने कुणाला बोटं चुकीची सांगितली नव्हती, आणि भिकाजीला हे दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं.

"बरोबर चार?"

"बरोबर."

"मगे दहाचीच रवांदे," भिकाजी म्हणाला.

मग तो राधाबाईकडे वळला आणि दोन्ही हात थोडे पुढे केले. तिने जाकिटाची चेन उघडली, एकेक बाही सोडवली. जाकीट उचलताना तिने आधीच दोन्ही हात खाली घातले होते, कळशी उचलताना घालतात तसे. त्या वजनाचं तिला नवल वाटलं नाही. म्हणजे तिला कधीचंच ठाऊक होतं, शिसाचंही आणि महिन्यांचंही. याकूबने मान खाली घातली.

तिने जाकीट गाडीच्या हॅन्डलला अडकवलं. त्याच्या वजनाने फोर्क बोटभर खाली बसला, आणि तसाच राहिला.